आमच्या वहिनी नगरपंचायतीला उभारल्या तेव्हा

वर्तमानपत्रात उमेदवार निवडणूक 'लढवतात', पण आमच्या सोलापूर जिल्ह्यात माणसे निवडणुकीला 'उभारतात'. एस.टी.च्या थांब्यावर उभारावे, रेशनच्या रांगेत उभारावे, तसेच नगरपंचायतीला उभारावे. २०२१ च्या दिवाळीनंतर एका रविवारी मी सोलापुरातून गावी गेलो होतो. वहिनी चुलीपुढे बसून परातीत ज्वारीचे पीठ मळत होत्या, आणि मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, यंदा मी उभारावं म्हणते." दादा दारात चप्पल घालत होता, तो तसाच थांबला. आईने शेंगा सोलणे थांबवले नाही, पण "तुझं तू बघ, पण उभारलीस तर मधूनच बसू नको," एवढे ती म्हणाली. आमच्या घरात हा निर्णय इतक्याच शब्दांत झाला.

हे आता लिहिण्याचे कारण असे की त्या वेळी निवडून आलेल्या नगरपंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते आहे आणि गावाकडच्या दोघा-तिघांनी मला गेल्या महिन्यात फोन करून विचारले की उभारायचे तर काय काय लागते. मी सोलापुरात एका कर सल्लागारांकडे हिशेबाचे काम करतो, राजकारणातला माणूस नाही. पण वहिनींच्या अर्जाचे कागद, मतदार यादी आणि खर्चाची वही या तिन्ही गोष्टी माझ्या हातून गेल्या आहेत, म्हणून जे जवळून पाहिले ते नीट लिहून ठेवावे असे वाटले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविरुद्ध वहिनी उभारल्या त्या बाई आमच्यापासून चार घरे पलीकडे राहतात आणि दोन्ही घरांचे जाणे-येणे पुन्हा सुरू झालेले आहे.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात माढा आणि माळशिरस यांच्यासोबत वैराग, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर या नव्या नगरपंचायतींचीही निवडणूक होती. दहा ते पंचवीस हजार वस्तीचे, खेडेपण सुटत चाललेले पण शहर न झालेले गाव म्हणजे नगरपंचायत. ग्रामपंचायत गेल्याचा आनंद पुष्कळांना होता, कारण निधी वाढेल, रस्ते होतील असे सगळे बोलत होते. जे गेले त्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष होते. ग्रामपंचायतीत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरत असे. ती नेहमीच नीट चाले असे नाही, गणपूर्तीअभावी अनेकदा तहकूबही होई. तरी ज्याला बोलायचे त्याला पारावर उभे राहून सरपंचांना तोंडावर विचारता येत होते की आमच्या गल्लीचे गटार का तुंबले. ती जागा बंद झाली. आता सभागृहात बोलण्याचा हक्क सतरा प्रभागांतून निवडून येणाऱ्या सतरा जणांना, आणि कारभार शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने. म्हणजे ज्या गावात पूर्वी कोणीही उठून विचारू शकत होते, तिथे आता विचारण्यासाठी कोणाला तरी उभारावेच लागणार होते. वहिनींच्या मनात हेच होते, हे मला पुढे प्रचारात त्यांना बोलताना ऐकून कळले.

आरक्षणाची सोडत त्याआधीच झाली होती. सभागृहात गर्दी होती, टेबलावर पारदर्शक बरणीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या होत्या आणि शाळेतल्या एका लहान मुलीला त्या काढायला बोलावले होते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे सतरांपैकी नऊ प्रभाग स्त्रियांना जाणार हे सर्वांना ठाऊक होते. कोणते, एवढाच प्रश्न होता. आमचा प्रभाग सर्वसाधारण महिला असा निघाला, तेव्हा गेली दोन वर्षे तिथून तयारी करणारे एक गृहस्थ उठून बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नीचे नाव पुढे आले. अशा वेळी बाईचे नाव आणि बाप्याची निवडणूक असाच सगळ्यांचा समज असतो. आमच्याही घरी दादाचे मित्र त्याच रात्री आले आणि त्यालाच अभिनंदन करून गेले. दादाने त्यांना सांगितले की उभारायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही. त्याच्या त्या एका वाक्याबद्दल मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

वहिनींची पात्रता काय होती, असे मला प्रचारात एका शिक्षकांनी विचारले होते. त्या बारावीपर्यंत शिकलेल्या, लग्नानंतर घर आणि शेतातले काम करणाऱ्या, बचत गटाच्या हिशेबाची वही सहा वर्षे लिहिलेल्या. पण खरी पात्रता स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली होती. आमच्या गल्लीत नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येते आणि तेही बहुधा रात्री. आमचे घर जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे वरच्या गल्लीतल्या टाक्या भरल्याशिवाय आमच्या तोटीतून हवेचा फुसफुस आवाजच येतो. वहिनी पाणी येईल त्या दिवशी दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीने 'पा' असे लिहीत आणि खाली वेळ. 'पा २.१०', 'पा ३.४०', 'पा १.१५, अर्धा तासच'. गौरी-गणपतीच्या आठवड्यात सलग आठ चौकटी रिकाम्या होत्या. अशा तीन वर्षांच्या दिनदर्शिका त्यांनी जुन्या साड्यांच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. मी त्या सगळ्या एका रविवारी समोर मांडून मोजल्या, तेव्हा मधल्या वर्षात अठ्ठावन्न वेळा पाणी आल्याची नोंद निघाली, आणि त्यांपैकी एकेचाळीस वेळा मध्यरात्रीनंतर.

मी त्यांना माहिती अधिकाराचा अर्ज करायला सुचवले. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, आमच्या भागात पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि किती वेळ सोडले जाते याच्या एका वर्षाच्या नोंदीची प्रत त्यांनी मागितली. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले. त्यात एकच वाक्य कामाचे होते: मागितलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. मी ते वाचून चिडलो, पण वहिनी शांत होत्या. "म्हणजे लिहिलेलं फक्त माझ्याकडंच हाय की," असे म्हणून त्यांनी ते पत्र दिनदर्शिकांबरोबर ठेवून दिले. पुढे प्रचारात त्यांनी ना मोठे आश्वासन दिले ना कोणावर टीका केली. दिनदर्शिका पिशवीत घालून त्या घरोघर गेल्या आणि बायकांना त्यांच्याच झोपमोडीच्या तारखा दाखवल्या.

कागदपत्रांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण साध्या माणसाची उमेदवारी बहुतेक वेळा मतपेटीत नव्हे तर छाननीत पडते. वयाची एकवीस वर्षे पूर्ण आणि नगरपंचायतीच्या मतदार यादीत नाव, एवढे ऐकायला सोपे आहे. त्यापुढे मालमत्ता आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचे शपथपत्र, दोनपेक्षा जास्त अपत्ये नसल्याचे प्रतिज्ञापत्र, शौचालय वापरत असल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, राखीव जागा असेल तर जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्र किंवा निदान पडताळणीसाठी अर्ज केल्याची पोच, आणि निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत वेगळे खाते. अर्ज संगणकावर भरायचा, त्याची छापील प्रत काढायची, सही करायची आणि ती मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर स्वतः द्यायची. आमचे घर अजून आजोबांच्या नावावर होते आणि घरपट्टीची पावतीही त्यांच्याच नावाने. त्या एका कारणावरून थकबाकीच्या दाखल्यासाठी दादाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. वहिनींचे नाव मतदार यादीत एक, आधार कार्डावर थोडे वेगळे आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. ही तिन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत याचे शपथपत्र करण्यात एक पूर्ण दिवस गेला. ज्यांना २०२७ मध्ये उभारायचे आहे त्यांनी आजच आपली ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून पाहावीत. शेजारच्या प्रभागातील एका होतकरू तरुणाचा अर्ज छाननीत बाद झाला. त्याने केलेले सामाजिक काम सगळ्या गावाला माहीत होते, पण एक दाखला जोडायचा राहिला होता.

अर्ज दाखल झाल्यावर मतदार यादी हाती आली, आणि या सबंध निवडणुकीत मला सर्वांत जास्त शिकवले ते त्या यादीने. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेच्या मतदार यादीचेच प्रभागानुसार तुकडे केले जातात, आणि ठरलेल्या तारखेला त्या यादीत ज्याचे नाव असेल तोच मतदार. आमच्या प्रभागात ७४२ नावे होती. रात्री जेवणे झाली की आई, वहिनी आणि मी पडवीत बसायचो. मी नाव वाचायचो, आई सांगायची आणि वहिनी पेन्सिलीने समोर लिहायच्या. 'पुण्यात.' 'मयत.' 'लग्न होऊन लातूरला.' 'चाकणला कंपनीत.' 'हा कोण? दोन नंबरचा मुलगा, भिवंडीत.' तीन रात्रींत यादी पूर्ण झाली. चौदा मयत होते, एकसष्ट जण कामासाठी बाहेरगावी कायमचे गेले होते, आणि आमच्या दोन-तीन गल्ल्यांत लग्न होऊन आलेल्या तेवीस सुनांची नावे यादीत नव्हतीच. काहींच्या लग्नाला सहा-सात वर्षे झालेली, मुले शाळेत जाणारी. पण नाव अजून माहेरच्या गावी. वहिनींसारख्या उमेदवाराला मत देण्याचे सर्वांत मोठे कारण ज्यांच्याजवळ होते, रात्री दोन वाजता उठून हंडे भरणाऱ्या त्याच या मुली. आणि नाव घालण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती.

बाहेरगावच्या एकसष्ट जणांना गाडी करून आणावे, असे दादाच्या मित्रांचे म्हणणे पडले. मतदारांची वाहतूक उमेदवाराने करणे कायद्यात बसत नाही, आणि बसत असते तरी वहिनींनी ते केले नसते. त्यांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. "तुमचे आईबाप इथं राहतात, त्यांच्या पाण्यासाठी एक दिवस या," असे त्या म्हणायच्या. नऊ जण आपल्या खर्चाने आले.

प्रचार म्हणजे सभा, मिरवणूक असे बाहेरच्यांना वाटते. सातशे-आठशे मतदारांच्या प्रभागात प्रचार म्हणजे उंबरा. प्रत्येक उंबऱ्यावर उमेदवाराची सगळी कुळकथा आधीच पोचलेली असते. कोणाच्या लग्नात कोण रुसले होते, कोणाच्या बांधावरून कोर्टात गेले होते, कोणी कोणाला अडचणीत दोन पोती ज्वारी दिली होती, हे सारे त्या दाराशी उभे असते. एका आजींचे बोलणे मी विसरणार नाही. त्यांनी वहिनींना आत बोलावून बसवले, गुळाचा चहा दिला, दिनदर्शिका डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाल्या, "पोरी, तुझं खरं हाय गं. पण तिच्या सासूनं माझ्या थोरलीच्या बाळंतपणात पंधरा दिवस माझं घर सांभाळलं. मी तिला शब्द दिलाय. तुला खोटं कशाला सांगू?" वहिनी त्यांच्या पाया पडून उठल्या. बाहेर आल्यावर यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारताना मला फार वाईट वाटत होते, पण वहिनी म्हणाल्या की या गल्लीत तोंडावर नाही म्हणणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या, आणि बाकी सगळ्यांनी 'तुमचंच हाय' असे सांगितले तेच जास्त काळजीचे. त्यांचा अंदाज पुढे बरोबर निघाला.

फलकाचा प्रसंग लहान, पण तो सांगितला पाहिजे. दादाच्या मित्रांनी हौसेने फलकाचा नमुना करून आणला. त्यात मध्यभागी दादाचा हात जोडलेला मोठा फोटो, वर नेत्यांच्या गोल चकत्या, आणि वहिनींचा फोटो एका कोपऱ्यात, नावापुढे दादाचे नाव त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. वहिनी अपक्ष होत्या, नेत्यांचा काहीच संबंध नव्हता. त्यांनी नमुना बघितला आणि विचारले, "मत कुणाला द्यायचं ते लोकांना यावरून कळंल का?" दुसऱ्या दिवशी एकाच रंगात छापलेली साधी पत्रके आली. त्यावर त्यांचा एकटीचा फोटो, कपबशी हे चिन्ह आणि खाली अठ्ठावन्न वेळांचा तो हिशेब. ज्यांच्या घरातून स्त्री उभारणार आहे त्या पुरुषांना माझे कळकळीचे सांगणे आहे की त्यांनी फलकावरून आणि पुढे सभागृहाच्या दारातूनही स्वतःहून बाजूला व्हावे. राखीव जागेचा उपयोग तेवढ्यानेच होतो. खुर्चीवर पत्नी आणि बोलायला पती, असा कारभार मी आमच्या जिल्ह्यात पाहिला आहे, आणि अशा ठिकाणी पाच वर्षांनंतरही त्या बाईंना सभेच्या विषयपत्रिकेवर काय लिहिलेले असते हे कोणी सांगितलेले नसते.

पैशांविषयी. आमचा सगळा खर्च एकेचाळीस हजारांच्या आत बसला. पत्रके, चार दिवसांची भोंग्याची रिक्षा, चहा आणि शपथपत्रांचा खर्च. त्याची प्रत्येक पावती मी वहीत चिकटवून वेळेत सादर केली, कारण खर्चाचा हिशेब न देणाऱ्याला पुढे अपात्र ठरवता येते आणि पुष्कळ हरलेले उमेदवार हे विसरतात. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये मर्यादा वाढवल्या असून आता नगरपंचायतीच्या सदस्यपदासाठी २ लाख २५ हजार आणि नगराध्यक्षपदासाठी ६ लाख अशी मर्यादा आहे. ही आकडेवारी पाहून साध्या माणसाने घाबरू नये. मर्यादा म्हणजे तेवढा खर्च केलाच पाहिजे असे नव्हे. मतदानाच्या आधीच्या दोन रात्री गल्लीत अनोळखी मोटारसायकली फिरल्या, काही घरांचे दिवे उशिरापर्यंत चालू होते. त्याला उत्तर म्हणून आमच्या बाजूनेही काही करावे असा आग्रह झाला आणि वहिनींनी घराला आतून कडी लावून तो विषय संपवला. ती कडी लावताना त्यांना मते जाणार हे कळत होते.

मतदान २१ डिसेंबर २०२१ रोजी झाले. अर्ज भरण्याची मुदत संपत आली असतानाच सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या राखीव जागांची निवडणूक थांबवली होती, त्यामुळे बहुतेक नगरपंचायतींत सतरांपैकी तेरा प्रभागांचेच मतदान त्या दिवशी झाले. उरलेल्या जागा सर्वसाधारण करून तिथे १८ जानेवारी २०२२ ला मतदान आणि १९ जानेवारीला सगळ्यांची एकत्र मोजणी, असे ठरले. शेजारच्या प्रभागात एक बाई इतर मागासवर्गाच्या जागेसाठी पूर्ण तयारीने उतरल्या होत्या. त्यांची जागा एका रात्रीत सर्वसाधारण झाली आणि समोर नवे, तगडे उमेदवार आले. त्यांचे दुःख आमच्यापेक्षा मोठे होते. आमच्या वाट्याला आली ती प्रतीक्षा. यंत्रे कुलपात, निकाल यंत्रांत, आणि गाव महिनाभर आकडे लावत बसलेले.

त्यातच १४ जानेवारीला संक्रांत आली. हळदी-कुंकवाची बोलावणी प्रभागातल्या सगळ्या बायकांना एकाच घरची असतात. वहिनी आणि चार घरे पलीकडच्या बाई, दोघी एकाच वेळी एका दारात पोचल्या. मतदानाच्या दिवसापासून दोघींत एक शब्द नव्हता. यजमानीणबाईंनी दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवला. वहिनींनी आपल्या हातावरची वडी मोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली आणि नेहमीचे शब्द म्हटले. त्यांनीही घेतली, पण डोळे वर केले नाहीत. घरी येऊन वहिनींनी आईला हे सांगितले तेव्हा आई म्हणाली की तिचाही जीव टांगणीलाच आहे, तिच्या घरात तर कर्ज काढले आहे.

१९ जानेवारीला तहसीलच्या आवारात मी दादाबरोबर उभा होतो. आमच्या प्रभागाची मोजणी दहा मिनिटांतच आटोपली. ६११ जणांनी मतदान केले होते. विजयी उमेदवाराला २३८, वहिनींना २२१. बाकीच्या तिघींना मिळून १४६, आणि सहा जणांनी कोणालाच मत दिले नव्हते. सतरा मतांनी वहिनी हरल्या. मी पडवीतली यादी घरी जाऊन पुन्हा काढली आणि रात्रभर तीच चाळत बसलो. गुलालाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. मिरवणूक थांबली, त्या बाई पुढे आल्या, वहिनींच्या कपाळाला गुलाल लागला. दोन्ही घरांच्या पुरुषांत मात्र पुढे चार महिने बोलणे नव्हते, ते आमच्या चुलत्यांच्या तेराव्याला सुरू झाले.

निवडून आलेल्या बाईंबद्दल न्यायाने लिहायचे तर त्यांनी काम केले. मुख्य गल्लीचे गटार बंदिस्त झाले, खांबांवर नवे दिवे आले. पाण्याचे मात्र अजून अर्धेच झाले आहे. नगरसेविका एकटीच्या सहीने एक रुपयाही मंजूर करू शकत नाही. विषय सर्वसाधारण सभेत आणावा लागतो, ठराव व्हावा लागतो, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा. प्रचारात 'सहा महिन्यांत चोवीस तास पाणी' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते किंवा ठाऊक असून ते सांगत नाहीत. वहिनींना हे सारे हरल्यानंतर कळले, कारण त्या दर तीन महिन्यांनी आपली दिनदर्शिका घेऊन त्या बाईंकडे जात राहिल्या. पहिल्या वेळी चहा मिळाला नाही. तिसऱ्या वेळी त्या बाईंनी वही घेऊन तारखा उतरून घेतल्या आणि पाणीपुरवठ्याचा विषय निघाला तेव्हा सभेत त्या वाचून दाखवल्या. टोकाच्या गल्लीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवण्याचा ठराव त्यातूनच झाला. आता पाणी साधारण चौथ्या दिवशी येते, आणि पुष्कळदा पहाटे पाचनंतर. सोलापूरच्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला होता, हे आम्ही शाळेपासून अभिमानाने सांगत आलो. त्या इमारतीत बसणारी माणसेही अशीच गल्ल्यांतून निवडून आलेली होती, हे मात्र मला वहिनींच्या निवडणुकीनंतर प्रथम जाणवले.

पुढच्या निवडणुकीत काही गोष्टी बदललेल्या असतील. २०२२ मध्ये कायदा बदलून नगराध्यक्ष पुन्हा थेट जनतेतून निवडायचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये बार्शी, अक्कलकोट, करमाळा अशा नगरपरिषदांत लोकांनी नगराध्यक्षासाठी वेगळे मत दिले. आमच्या गावातही आता प्रत्येकाला दोन मते द्यावी लागतील, एक नगराध्यक्षासाठी आणि एक प्रभागासाठी. आरक्षण फिरते, त्यामुळे आमचा प्रभाग पुन्हा महिलांसाठी निघेल की नाही हे सोडतीच्या दिवशीच कळेल. सर्वसाधारण निघाला तरी आपण उभारू शकतो, सर्वसाधारण म्हणजे पुरुषांची जागा नव्हे, हे वहिनींनी दादाच्या मित्रांना आतापासूनच सांगून ठेवले आहे.

मागच्या रविवारी मी गावी गेलो तेव्हा पडवीत जुनी मतदार यादी पुन्हा निघालेली होती. २०२१ च्या तेवीस सुनांपैकी सोळा जणींची नावे वहिनींनी मधल्या काळात मागे लागून घालून घेतली. सात राहिल्या आहेत, आणि त्यानंतर अकरा नव्या लग्न होऊन आल्या. नाव नव्याने नोंदवायचा नमुना ६ किंवा माहेरच्या यादीतले नाव इकडे हलवायचा नमुना ८, रहिवासाचा पुरावा, फोटो, प्रत्येकीची वेगळी पिशवी करून त्यावर वहिनींनी नाव लिहिले आहे. त्यांपैकी एक मुलगी चार घरे पलीकडच्या त्या बाईंची धाकटी सून आहे. तिची पिशवी सगळ्यांत आधी पूर्ण झाली होती. येत्या रविवारी मोबाईलवरून हे अर्ज भरून द्यायला मी जाणार आहे. वहिनींनी सांगितले आहे की सकाळी लवकर यावे, कारण शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे पाणी यायचा दिवस आहे आणि ते भरून झाले की मगच सगळ्या जणी मोकळ्या होतील.